गाडीची स्प्रिंग निवडताना

गाडी मागून बसली की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'शॉकअप गेले.' मेकॅनिक म्हणतो, मालक मान डोलावतो, नवे शॉकअप पडतात, बिल होतं आणि गाडी होती तेवढीच बसलेली राहते. कारण गाडीचं वजन शॉकअप उचलतच नाही, ते स्प्रिंग उचलते. खड्ड्यातून गेल्यावर स्प्रिंगचं खाली-वर होणं एक-दोन झोक्यांत थांबवायचं, एवढंच शॉकअपचं काम. गॅसच्या शॉकअपमुळे उंचीत किंचित फरक पडतो, पण तो हिशेबात धरण्याजोगा नसतो. तेव्हा गाडी उभी असताना खाली दिसते की चालताना डोलते, हे आधी बघा. उभी असतानाच खाली असेल तर स्प्रिंग तपासा. स्पीडब्रेकरनंतर तीन-चार वेळा डुलत असेल, शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेलं असेल, टायर जागोजागी खळगे पडल्यासारखा झिजत असेल तर शॉकअप तपासा. दोन्ही लक्षणं असतील तर दोन्ही कामं एकदम काढलेली बरी, कारण खोलण्या-बसवण्याची मजुरी एकदाच पडते.

इंजिन ऑइल कोणत्या ग्रेडचं घालायचं यावर माणसं तासभर बोलतात, टायरचा साइझ वाचून पारखून घेतात. स्प्रिंगच्या बाबतीत मात्र 'हीच बसते' एवढ्यावर काम भागवलं जातं. जागेवर बसणारी स्प्रिंग योग्य असेलच असं नाही. ती उंचीला आणि घेराला अगदी जुनीसारखी दिसते आणि तरीही ताकदीने तीस-चाळीस टक्के वेगळी असू शकते. जोरात ब्रेक मारल्यावर गाडी सरळ थांबणं, घाटातल्या वळणावर तिचा तोल राहणं, टायर किती टिकणार, हे सगळं बऱ्याच अंशी याच भागावर ठरतं. म्हणून माझा आग्रह एकच आहे: स्प्रिंग गाडीच्या नावाने मागू नका. चॅसी नंबरने मागा, आणि गाडी रोज प्रत्यक्षात किती वजन वाहते ते सांगून मागा.

आधी टेप घ्या

खरेदीआधी मोजमाप करायचं. त्यासाठी सपाट जागा हवी. सोसायटीच्या पार्किंगला पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तिथे घेतलेली मापं फसवी येतात. व्हील अलाइनमेंटच्या दुकानातला प्लॅटफॉर्म उत्तम. चारही टायरमध्ये दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. डिकी रिकामी करा, पण स्टेपनी आणि जॅक जागेवर राहू द्या. पेट्रोल साधारण अर्धी टाकी. मग गाडी हाताने चार फूट पुढे-मागे ढकला आणि प्रत्येक कोपरा दोन-तीनदा दाबून सोडा, म्हणजे रबरी बुश आणि स्प्रिंग आपापल्या जागी स्थिरावतात. आता चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा मापात शिरते. चाकाच्या मध्यापासून मोजलं की फक्त सस्पेन्शनची उंची कळते.

चार चाकांचे चार आकडे कागदावर मांडले की बरंच काही उलगडतं. एकाच बाजूचा आकडा दुसऱ्या बाजूपेक्षा एक सेंटिमीटरहून जास्त खाली असेल तर त्या कोपऱ्यातली स्प्रिंग तुटली किंवा बसली असल्याचा संशय घ्या. दोन्ही मागची मापं सारखीच पण कमी असतील तर दोन्ही स्प्रिंगा बसल्यात किंवा गाडीवर कायमचं वजन वाढलंय. कमी म्हणजे कशापेक्षा कमी? काही गाड्यांच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ही उंची दिलेली असते. नसेल तर त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची, कमी चाललेली गाडी शोधून तिची मापं घ्या. शेजाऱ्याची गाडी चालेल, फक्त तिच्यात गॅसची टाकी नाही ना, एवढं विचारून घ्या.

मापानंतर नजर. गाडी रॅम्पवर चढवून, टॉर्च घेऊन स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा बघा, तो जिथे बशीत टेकतो तिथे. स्प्रिंग तुटते ती बहुतेक वेळा इथेच. पावसाळ्यात बशीत चिखल साचतो, वरचं कोटिंग खड्याने टवकतं, त्या टवक्यातून गंज आत जातो आणि त्या बारीक खळग्यापासून तडा सुरू होतो. रत्नागिरी, अलिबाग, मालवण, पणजी अशा किनाऱ्यावरच्या गाड्यांना खारी हवा रोजची, म्हणून तिथे ही तपासणी दर पावसाळ्यानंतर व्हायला हवी. तुटलेला तुकडा कित्येकदा बशीतच अडकून राहतो आणि गाडी पुढे महिनोन् महिने चालते. खुणा म्हणून स्टिअरिंग वळवताना 'टुंग' असा आवाज येतो किंवा खड्ड्यात खडखड होते. हाताने पुसून बघा. वेढ्याचं टोक कारखान्यातून आलेलं असेल तर ते नीट, सरळ कापलेलं दिसतं. तुटलेलं टोक तिरकं, दाणेदार असतं, ताजं असेल तर करडं चमकतं आणि जुनं असेल तर गंजाने तांबूस झालेलं. पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असेल, आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींना तो असतो, तर ही बशी टायरच्या अगदी जवळ असते. तिथून सुटलेलं टोक टायरच्या भिंतीत घुसू शकतं. अशी गाडी एक्स्प्रेसवेवर नेऊ नका, ती थेट गॅरेजलाच न्या.

बसलेल्या स्प्रिंगबद्दल एक गैरसमज पक्का आहे: ती जुनी होऊन मऊ पडली. पोलाद असं मऊ पडत नाही. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने स्प्रिंगची मोकळी लांबी थोडी कायमची घटते, पण दर मिलिमीटरला ती किती वजन पेलते हे जवळपास तेच राहतं. गाडी मऊ किंवा धक्के देणारी वाटते ती उंची गेल्यामुळे. समजा बंप स्टॉपरवर आपटण्याआधी मागच्या चाकाला वर यायला ८ सेंटिमीटर जागा होती. तीन माणसं बसली की त्यातले ४ जातात. स्प्रिंग अडीच सेंटिमीटर बसलेली असेल तर उरले दीड. मग प्रत्येक खड्ड्यात स्टॉपर आपटणार, आणि तो आवाज ऐकून मालक जास्त कडक स्प्रिंग मागणार. खरं तर मूळ मापाची नवी स्प्रिंग घातली की गेलेली उंची परत येते आणि तक्रार मिटते.

काउंटरवर

पुण्यात नाना पेठेत पार्टच्या दुकानात जाऊन 'स्विफ्टची मागची स्प्रिंग द्या' म्हणालात, तर चांगला काउंटरवाला माल काढायच्या आधी विचारतो, "साल कुठलं दादा? पेट्रोल की डिझेल?" हे विचारलं नाही आणि थेट खोकं समोर ठेवलं, तर तिथून घेऊ नका.

या एकाच गाडीवर सगळा मुद्दा दिसतो. मारुतीची स्विफ्ट भारतात २००५ साली आली. २०११, २०१८ आणि २०२४ मध्ये तिच्या नव्या पिढ्या आल्या. नाव तेच राहिलं, खालचा सांगाडा बदलत गेला. त्यात २०२० पर्यंत डिझेल इंजिनही मिळत होतं. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा शंभर किलोंच्या आसपास जड, आणि हे जास्तीचं वजन बहुतेक सगळं पुढच्या चाकांवर. डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा पेट्रोल गाडीला घातल्या तर गाडी नाक वर करून उभी राहते आणि पुढून ठणठणीत लागते. उलट केलं तर नाक खाली जातं आणि स्टॉपर आपटत राहतो. बोल्ट मात्र दोन्हींत बसतात. हीच गोष्ट मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकच्या बाबतीत, सेडान आणि हॅचबॅकच्या बाबतीत, कधी कधी डाव्या आणि उजव्या बाजूच्या बाबतीतही असते.

म्हणून काउंटरवर चॅसी नंबर न्यायचा. तो १७ अक्षर-अंकांचा असतो, आरसीवर छापलेला असतो आणि गाडीवरही कोरलेला असतो. कंपनीच्या पार्ट विभागात तो टाकला की तुमच्याच गाडीला कारखान्यात कोणत्या क्रमांकाची स्प्रिंग लागली होती ते निघतं. पार्ट नंबर अधूनमधून बदलले जातात, जुन्याच्या जागी नवा क्रमांक येतो. जोडणी तीच आहे ना, हे त्यांच्याच संगणकावर दिसतं. पुढची की मागची, डावी की उजवी, हे क्रमांकासमोर लिहून घ्या. मग माल कंपनीचा घ्यायचा की बाहेरच्या चांगल्या उत्पादकाचा, हा पुढचा प्रश्न. बाहेरच्या उत्पादकाचा घेत असाल तर त्याच्या कॅटलॉगमध्ये मूळ पार्ट नंबरशी जुळणारी नोंद दाखवायला सांगा. 'सेम टू सेम आहे साहेब' हे तोंडी आश्वासन पुरेसं नाही.

जुन्या स्प्रिंगवर रंगाचे दोन-तीन ठिपके किंवा पट्टे असतात. धुळीखाली झाकलेले असतात, कापड ओलं करून पुसले की दिसतात. कारखान्यात तयार झालेल्या स्प्रिंगांची वर्गवारी लावायला ते दिलेले असतात. त्यांचा फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंना एकच खूण आहे का बघा, आणि नवी जोडी घेताना दोघींवरची खूणही सारखी आहे ना ते तपासा. पण एका कंपनीचा निळा पट्टा म्हणजे दुसऱ्या कंपनीचा निळा पट्टा नव्हे. रंगावरून ताकद ठरवायला जाऊ नका.

एक मिलिमीटरचा हिशेब

काही वेळा पार्ट नंबर निघत नाही. गाडी जुनी असते, मॉडेल बंद पडलेलं असतं, आणि जुनी स्प्रिंग घेऊन दुकानोदुकानी जुळवत फिरावं लागतं. तेव्हा चार मापं घ्यायची: तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या आणि मोकळी लांबी. यात सगळ्यात जपून मोजायची ती तारेची जाडी. स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. समजा तार १२ मिलिमीटरची आहे, वेढ्याचा मध्यव्यास १२० मिलिमीटर आणि काम करणारे वेढे ६. अशी स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला साधारण २ किलो वजन लागतं. बाकी सगळं तेच ठेवून तार १३ मिलिमीटरची केली की त्याच १ मिलिमीटरला पावणेतीन किलो लागतात, म्हणजे ३८ टक्के जास्त. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकानेही १८ टक्क्यांचा फरक पडतो. पट्टीने किंवा नजरेने हे कळणं शक्य नाही. व्हर्नियर कॅलिपर वापरा, आणि गंज-रंग खरवडून उघड्या पोलादावर दोन-तीन ठिकाणी माप घ्या. मोकळ्या लांबीच्या मापावर मात्र विसंबू नका. जुनी स्प्रिंग बसलेली असेल तर तिची लांबी घटलेलीच असणार, आणि तुटली असेल तर गेलेला वेढा मोजायचा राहून जाईल.

सगळे वेढे सारख्या अंतरावर नसतील, एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला विरळ असतील, तर ती रिकाम्या गाडीला मऊ आणि भरल्या गाडीला कडक होत जाणारी स्प्रिंग आहे. तिच्या जागी सरसकट सारख्या वेढ्यांची स्प्रिंग घेऊ नका. टोकांचा आकारही बघा: सपाट कापलेलं, नुसतं वळवून सोडलेलं, की आत घेऊन लहान केलेलं. टोक आणि बशी जुळली नाही तर स्प्रिंग वाकडी बसते आणि त्याच जागी लवकर तुटते.

हा हिशेब कळला की गॅरेजमधले दोन-तीन प्रकार आपोआप बाद होतात. गाडी खाली दिसावी म्हणून तरुण मुलं एक वेढा कापून टाकतात. सहातला एक वेढा कमी केला की स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक होते आणि वर तिची उंचीही जाते. शिवाय कापलेलं टोक बशीत नीट बसत नाही. दुसरा प्रकार गाडी उचलण्याचा: दोन वेढ्यांच्या मधे रबराचा बफर ठोकायचा. काउंटरवर हे बफर सर्रास मिळतात, पंधरा मिनिटांत बसतात, म्हणून लोकप्रिय आहेत. पण बफरने धरलेले वेढे काम करायचे थांबतात, सगळा पीळ उरलेल्या वेढ्यांवर येतो, आणि रबराखाली चिखल-पाणी धरून ठेवलं जातं. ऐन नाजूक जागी गंज चढवण्याची ही सोय आहे. तातडीच्या एखाद्या प्रवासापुरती कोणी केली तर समजू शकतो, कायमचा उपाय म्हणून मला ती मान्य नाही. तिसरा प्रकार सर्वांत वाईट: स्प्रिंग भट्टीत तापवून ताणायची. स्प्रिंगचं पोलाद तापवून तेलात बुडवलेलं, पुन्हा मोजक्या तापमानाला आणून कणखर केलेलं असतं, आणि त्याच्या पृष्ठभागावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा केलेला असतो, ज्यामुळे तडे जायचा वेग मंदावतो. भट्टीच्या एका तावात हे सगळं पुसलं जातं. ताणलेली स्प्रिंग आठ दिवसांत पुन्हा बसते, नाही बसली तर तुटते. वेल्डिंगचंही तेच. जुन्या बाजारातली स्प्रिंगही घेऊ नका; तिने किती ओझं वाहिलंय आणि आत कुठे तडा आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

गॅसची टाकी आणि मागची स्प्रिंग

महाराष्ट्रात मागून बसलेल्या गाड्यांमागचं एक मोठं कारण डिकीत आहे. बाहेरून सीएनजी किट बसवलं की ६० लिटर पाण्याच्या क्षमतेची लोखंडी टाकी, तिचा स्टँड, नळ्या आणि भरलेला गॅस मिळून साधारण ६० किलोंच्या आसपास वजन मागच्या अ‍ॅक्सलवर कायमचं येऊन बसतं. वर उल्लेख केलेल्या २ किलोला १ मिलिमीटरच्या स्प्रिंगा मागे असतील, आणि त्या थेट चाकाच्या रेषेत आहेत असं धरलं, तर प्रत्येक बाजूला ३० किलो म्हणजे दीड सेंटिमीटर उंची गेली. मागे तीन माणसं आणि बॅगा, म्हणजे आणखी २०० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर आले की ५ सेंटिमीटर गेले. रिकामी असताना १६५ मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स असलेली गाडी मागच्या बाजूला १०० पर्यंत आली. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब पसरट असावा. तसा असेल तर गाडी त्याच्यावरून अलगद जाते. गल्लीतला हातभर रुंदीचा उंचवटा तसा नसतो, म्हणून सायलेन्सर घासतो.

मागची बाजू खाली गेल्याने आणखी एक गोष्ट होते, ती समोरून येणाऱ्याला भोगावी लागते. हेडलाइटचा लो बीम साधारण १ टक्का खाली झुकवलेला असतो. अडीच मीटरच्या आसपास व्हीलबेस असलेल्या गाडीची मागची बाजू ४ सेंटिमीटर बसली की पूर्ण गाडी दीड टक्क्याहून जास्त मागे कलते, आणि लो बीम आडव्या रेषेच्या वर जातो.

इथे प्रश्न असा: मागची स्प्रिंग बसली आहे की फक्त ओझं वाढलं आहे? याचं उत्तर मिळवायची एक आयती संधी असते. सीएनजी टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करावी लागते, तेव्हा टाकी खाली उतरते. त्या दिवशी टेप घेऊन जा आणि गाडीची मागची उंची टाकीसह आणि टाकीविना मोजा. टाकी काढल्यावर गाडी मूळ उंचीला आली तर स्प्रिंगा ठणठणीत आहेत, वजन जास्त आहे. टाकी काढूनही खालीच राहिली तर त्या बसल्यात.

बसल्या असतील आणि टाकी ठेवायचीच असेल, तर तुमच्याच पिढीच्या, तुमच्याच बॉडीच्या गाडीचं कंपनीतून येणारं सीएनजी मॉडेल आहे का ते बघा. कंपन्या अशा मॉडेलला बऱ्याचदा मागच्या स्प्रिंगा वेगळ्या देतात, वाढलेलं वजन धरून. त्या मॉडेलचा मागचा पार्ट नंबर काढून तीच जोडी घालणं हा मला सगळ्यात समंजस मार्ग वाटतो, कारण त्या उंचीवर ब्रेक, शॉकअप, लाइट सगळं तपासलेलं असतं. तसं मॉडेलच नसेल तर मूळ स्प्रिंगची नवी जोडी घाला आणि डिकीतलं सामान कमी करा. अंदाजाने 'हेवी ड्युटी' म्हणून मिळणारी जोडी घेऊ नका. टाकी भरलेली आणि मागे माणसं असताना ती बरी वाटेल, पण एकट्याने पावसात चालवताना मागची चाकं रस्त्यावर टिकत नाहीत, उड्या मारतात. पुढे कधी किट काढून टाकलं, तर स्प्रिंगाही मूळच्या घालाव्या लागतील, हे विसरू नका.

पाट्यांच्या गाड्या

बोलेरो, जुनी ओम्नी, बहुतेक पिकअप यांना मागे कॉइल नसते, पाटे असतात. अ‍ॅम्बॅसिडरला आणि पद्मिनीला मागे पाटेच होते. ओझं वाढलं की 'एक पाटा वाढवा' ही सवय त्याच काळापासूनची, आणि कॉइलच्या गाडीत रबर ठोकण्यामागेही मला तीच सवय दिसते. पाट्याची ताकद त्याच्या जाडीच्या तिसऱ्या घाताने वाढते: ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घातला की तो एकटा पाटा ५९ टक्के कडक. म्हणून पाट्यांची संख्या, प्रत्येकाची जाडी आणि रुंदी, दोन डोळ्यांमधलं अंतर आणि मधला बोल्ट पुढच्या डोळ्यापासून किती अंतरावर आहे, एवढं लिहून मगच संच मागा. मुख्य पाटा तुटला तर नुसता तोच न बदलता दोन्ही बाजूंचे संच बघून घ्या. यू-बोल्ट नवे घाला आणि काही दिवस गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळून घ्या. हे न केल्याने मधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकतो.

बसवताना

स्प्रिंग नेहमी जोडीने बदलायची, पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही. एक नवी आणि एक बसलेली ठेवली तर गाडी एका बाजूला कलते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते.

पुढच्या स्ट्रटमधून स्प्रिंग काढणं घरी करू नका. ती दबलेल्या अवस्थेत अडकवलेली असते, आणि काढताना कॉम्प्रेसरने आणखी दाबावी लागते. आपल्या २ किलोवाल्या स्प्रिंगला १५ सेंटिमीटर दाबलं की तिच्यात साठलेली ऊर्जा २२ किलोचा दगड एक मीटर उंचीवरून पडावा एवढी होते. दोरीने बांधून, साखळीने आवळून वरचा नट सोडणारे मिस्त्री अजून आहेत. तुमच्या गाडीसाठी कोणी तसं करताना दिसलं तर थांबवा, त्याच्या चेहऱ्याचा प्रश्न आहे. स्ट्रट खोललाच आहे तर वरचं रबरी माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉपर आणि धुळीचं बूट बघून घ्या. स्प्रिंग बशीत ठेवताना तिचं टोक बशीतल्या खाचेला भिडलेलं हवं, आणि वरची-खालची बाजू जुन्या स्प्रिंगप्रमाणेच हवी.

बुशचे बोल्ट आवळण्याबद्दल मात्र तुम्ही स्वतः उभं राहून लक्ष ठेवा, कारण ही चूक गॅरेजमध्ये सतत होते. गाडी जॅकवर लटकलेली असताना मागच्या आर्मचे किंवा पुढच्या लोअर आर्मचे बोल्ट घट्ट केले, की त्यातलं रबर लटकलेल्या स्थितीत धरलं जातं. गाडी खाली उतरली की ते रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी त्यामुळे उंच उभी दिसते, मालक खूश होतो, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. म्हणून हे बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, एकदा दाबून सोडायची, आणि मग टॉर्क पान्याने शेवटचं आवळायचं. पिट किंवा चार चाकांवर उचलणारा रॅम्प असलेल्या गॅरेजला हे सहज जमतं.

एबीएस येण्यापूर्वीच्या काही मोटारींत, व्हॅनमध्ये आणि पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ एक छोटा दांडा ब्रेकच्या व्हॉल्व्हला जोडलेला असतो. मागची उंची किती आहे त्यावरून तो मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी कृत्रिमरीत्या उंच केली तर व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो, भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो, आणि थांबायचं अंतर वाढतं. असा दांडा तुमच्या गाडीत असेल तर नव्या स्प्रिंगनंतर त्याची मांडणी मॅन्युअलप्रमाणे तपासून घ्या. गाडी मुद्दाम खूप उचलणं किंवा खाली करणं हा वेगळाच विषय आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा पुढे येऊ शकतो.

काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करून हेडलाइटची दिशा जुळवून घ्या. अलाइनमेंट त्याच दिवशी केलं तरी पाचशे-हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा, कारण नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते. आणि बिल पक्कं घ्या. त्यावर नुसतं 'स्प्रिंग २ नग' असं न लिहिता पार्ट नंबर लिहून घ्या, खोक्यावरच्या लेबलचा फोटो आरसीच्या फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी काउंटरवर तोच नंबर दाखवा.